कॉफीनंतरच्या सहा गाड्या

ओस्टाफोर्स, रविवार ९ जानेवारी १९७२

एवर्ट,

आठ वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा "कसा आहेस, मी बरी आहे" यात शाई घालवत नाही. काम निघालं म्हणून लिहिते आहे. काम निघालं नसतं तर मी लिहिलं नसतं आणि तूही नाही. एकाच हट्टी बापाची पोरं आपण.

होल्मा कारखान्याला यंदा पंचवीस वर्षं होतात. ऑफिसवाल्यांना पुस्तिका काढायची आहे, गुळगुळीत कागदाची. त्यांनी मला वर बोलावलं, कॉफी दिली, बशीत केक ठेवला. तेव्हाच समजले की काहीतरी गळ्यात पडणार. "गुनवर, पहिली गाडी तुझ्या वडिलांनी ठोकून काढली. दोन पानं तूच लिही." मी हो म्हणाले. लिहायला बसले तर निम्मं आठवतच नाही. तू पप्पांच्या मागे मागे असायचास, मी आईच्या हाताखाली.

एवढं नक्की आठवतं की त्या शेडमध्ये आधी दूध काढायची यंत्रं बनत. लढाई संपल्यावर ती कुणी घेईना, तेव्हा मालकांनी मोटारीचं डोक्यात घेतलं. पप्पा लाकडी साच्यावर पत्रा टाकून चामडं गुंडाळलेल्या हातोडीने ठोकत बसत. घरी येत ते बहिरे होऊन. पहिल्या वीस गाड्या दुधाच्या बरण्यांच्या राखाडी रंगाच्या, कारण तोच रंग शिल्लक होता. आता मला सांग, पहिल्या गाडीचा हीटर खरंच दूध थंड करायच्या नळ्यांचा होता, की ही पप्पांनी आपल्याला मारलेली थाप? छापून येणार आहे, म्हणून विचारते.

टेक्लामावशीकडून कळतं तुझं. यॉर्नला टपाल वाटतोस, स्वतःच्या गाडीने, रोजचे एकशेवीस किलोमीटर. आणि नवी होल्मा घेतलीस म्हणे. इतकं सगळं झाल्यावरही होल्माच घेतलीस याचं मला बरं वाटलं, खरंच.

एक सुचवू का? थंडी ओसरेपर्यंत ती गाडी फार काढू नकोस. उणे तीसमध्ये नव्या गाडीचे सांधे आखडतात असं इथले लोक म्हणतात. पोस्टाची एखादी जुनी गाडी असेलच. नाहीतर शेजाऱ्याची माग. तू हसशील, की गाड्या तपासणारी बाई गाडी वापरू नको सांगते. हस, पण काढू नकोस.

हीटरचं कळव.

गुनवर


ओस्टाफोर्स, सोमवार १७ जानेवारी

एवर्ट,

पत्र परत आलं. पाकीट न फोडता. वर निळ्या पेन्सिलीने "घेणाऱ्याने नाकारले", तारीख तेरा, आणि खाली टपालवाल्याची सही, तीही तुझीच. घेणारा तू, नाकारणारा तू आणि साक्षीदारही तूच. अशी सोय राजालाही नसेल.

चिडायला हवं होतं मी. स्टूरे चिडला, नवऱ्याचं कामच ते. "बघ तुझा भाऊ, आठ वर्षांत तसूभर हलला नाही," म्हणाला. मी पाकीट घेऊन न्हाणीघरात गेले, दाराला कडी लावली आणि रडले. दुःखाने नाही. तेरा तारखेला तू पेन्सिल धरू शकत होतास, एवढंच डोक्यात होतं. हे मी का लिहिते आहे ते विचारू नकोस. विचारणार कसा म्हणा, तू तर फोडतच नाहीस.

फोन तीनदा केला. "हॅलो, एवर्ट," एवढं म्हणेपर्यंत खाली ठेवलास. चौथ्यांदा घंटा नुसतीच वाजत राहिली. हे पाकीट ऑफिसातल्या मशीनवर टाइप करून पाठवते आहे, म्हणजे अक्षर ओळखू यायचं नाही. पण शिक्का तर ओस्टाफोर्सचाच पडणार, आणि शिक्के वाचणं हा तुझा धंदा.

तुमच्या पोस्टमास्तरांना फोन करून निरोप देता आला असता. नंबरही शोधला होता. पण काय सांगणार? "माझ्या भावाला सांगा गाडी चालवू नकोस." ते विचारतील, का? तिथे मी अडते.

गेल्या गुरुवारी वाटाण्याचं सूप घेताना जुना ह्यालमार समोर येऊन बसला. चाचणी विभागातला, तुझ्याशी पत्ते खेळायचा तो. मी सहजच विचारल्यासारखं केलं, की नवी गाडी खरी कधी कळते. म्हणाला, "गुळगुळीत रस्त्यावर वर्षभर काही कळायचं नाही. उत्तरेतल्या गोठलेल्या खडबडीत रस्त्यावर पाच हजार किलोमीटर, फार तर सहा. का गं?"

"पुस्तिकेसाठी."

"हे घालणार पुस्तिकेत? मग छापतील बरं ते."

घरी येऊन कॅलेंडरवर मोजलं. मावशी म्हणते गाडी तुला सहा डिसेंबरला मिळाली. आठवड्याचे सहा दिवस, रोजचे एकशेवीस. नाताळची सुट्टी वजा केली. जानेवारी संपता संपता पाच हजार होतात. मला आकड्यांचा कंटाळा, तुला माहीत आहे. हा आकडा मात्र भांडी घासतानाही डोक्यातून जात नाही.

एवर्ट, गाडी घरी ठेव. एवढं एक ऐक.

गुनवर


ओस्टाफोर्स, शनिवार २२ जानेवारी

एवर्ट,

दुसरंही परत आलं. तारीख एकोणीस. अक्षर नेहमीसारखंच ताठ. देवाची कृपा.

आता असं झालं आहे की मी पत्र टाकते ते तू वाचावंस म्हणून, आणि खिडकीशी वाट बघते ते ते परत यावं म्हणून. परत आलं की दोन रात्री झोप लागते. मग पुन्हा कॅलेंडर.

तू वाचत नाहीस तर निदान खरं लिहायला काय हरकत आहे? न फोडलेल्या पाकिटात माणूस फार शूर होतो. तर ऐक, पुस्तिकेतून मी काय गाळलं ते.

दोन पानं लिहून झाली. सत्तेचाळीसची पहिली गाडी आहे. छपन्नला गाड्या जोडायची लाइन सुरू झाली ते आहे. सदुसष्टला सगळा देश एका पहाटे रस्त्याच्या डाव्या बाजूचा उजव्या बाजूला गेला आणि त्याआधी आम्ही हजारो गाड्यांचे दिवे बदलले, तेही आहे. त्रेसष्ट नाही. त्रेसष्टच्या ऑक्टोबरात तपासनीस एवर्टला ब्रेकच्या नळीतून ठकठक ऐकू आली, त्याने दोरी ओढली, लाइन दोन दिवस थांबली, चारशे गाड्या उघडल्या आणि काही म्हणता काही निघालं नाही, हे त्यात नाही.

इथे अजून असल्या प्रकाराला तुझ्या नावानेच ओळखतात, ठाऊक आहे का? कुणी जरा जास्त वेळ वाकून बघितलं की मागून येतं, "काय, एवर्टगिरी चालली आहे?" नवीन आलेल्या पोरांना तू कोण हेही माहीत नाही, पण शब्द माहीत आहे. स्टूरे युनियनचा माणूस, तुझ्या बाजूने उभा राहायला हवा होता, तर सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता. तेही तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते हे. फोरमन ब्रूमान मला तेव्हा कँटीनच्या मागे भेटले होते. "गुनवर, घरचं माणूस म्हणून विचारतो. एवर्ट बरा आहे ना?" मी म्हणू शकले असते की हो, त्याचे कान आपल्या सगळ्यांपेक्षा तिखट आहेत. मी म्हणाले, "बायको गेल्यापासून झोपत नाही. कधीकधी घेतो थोडी." तू कधी घेत नव्हतास. दोन आठवड्यांत तुझा शिक्का काढून घेतला आणि नाताळानंतर तो मला दिला. बाईमाणसाला पहिल्यांदाच. मला हवा होता तो. हे आजवर मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा.

बस, आज एवढंच पुरे. अजून एक आहे, ते याहून वाईट आहे.

गुनवर


ओस्टाफोर्स, गुरुवार २७ जानेवारी

एवर्ट,

तिसरं परत, तारीख पंचवीस. आजच्या हिशेबाने तुझे चार हजार नऊशे झाले. आता नाही लिहिलं तर मी माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीची राहणार नाही. खरं तर आताही नाहीच.

गेल्या वर्षीची अठरा नोव्हेंबर. तुझी गाडी लाइनवर आली तो दिवस. आपल्या माणसाची गाडी असली की तिच्या काचेवर पिवळं कार्ड लावतात, तुझ्या वेळची रीत अजून आहे. आजी असो की माजी, कामगाराच्या गाडीला पिवळं कार्ड, आणि त्या गाडीवर प्रत्येकाने जरा जास्त जीव लावायचा. त्या दिवशी कार्डावर तुझं नाव. कुणीतरी ते मोठ्याने वाचलं, आणि जणू कळ दाबली, सगळी लाइन खिदळायला लागली. "गुनवर, नीट बघ हं, तीनदा बघ. एवर्टची गाडी आहे, एवर्टगिरी नको का करायला?" एकाने टोपी काढून गाडीच्या दाराला कान लावला. ठकठक ऐकतोय असं सोंग.

सगळे माझ्याकडे बघत होते. तुझी बहीण, तुझा शिक्का. मी वाकले असते तर हशा पिकला असता. मी वाकले नाही. "चला, कामं करा," म्हणाले आणि न बघता शिक्का मारला. मागच्या-पुढच्या गाड्याही त्याच झटक्यात सोडल्या, कारण त्या वाकून बघितल्या असत्या तर तुझीच का नाही, असं झालं असतं.

आता त्याच्या आधीचं. सकाळच्या कॉफीनंतर स्टिअरिंगच्या जागेवरचा माणूस दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्याच्या जागी वेइकोला उभा केला. फिनलंडहून आलेला, चाळिशीचा, तीन मुलांचा बाप, मान खाली घालून काम करणारा. त्याला नट आवळायचं दाखवलं. नट आवळल्यावर तो फिरू नये म्हणून त्यातून पिन ओवायची आणि तिचे पाय दुमडायचे, हे कुणी दाखवलं नाही. डावीकडे एक, उजवीकडे एक. तुला सांगायला नको, पण लिहूनच टाकते, म्हणजे मला पळवाट उरणार नाही. सहा गाड्यांनंतर शेजारच्याच्या लक्षात आलं, त्याने दाखवलं, वेइकोने पुढचं सगळं बरोबर केलं. पिना मोजून मिळतात. शिफ्ट संपताना वेइको माझ्याकडे आला, तळहातावर बारा पिना. "गुनवर, उरल्या. सहा गाड्या. कॉफीनंतरच्या. चालेल?"

त्याने विचारलं, एवर्ट. मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये विचारलं. तोपर्यंत त्या सहा गाड्या कारखान्याच्या अंगणातच बर्फाखाली उभ्या होत्या. दोरी ओढायचीही गरज नव्हती, ब्रूमानना सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण कारण काय सांगणार होते? की तपासनीस बाईने न बघता शिक्के मारले, कारण भावाच्या नावाला लोक हसत होते?

मी म्हणाले, "ठेव इथे. मी बघते." दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या रेल्वेने गेल्या.

त्या बारा पिना आमच्या स्वयंपाकघरात वेलचीच्या डब्यात आहेत. नाताळात मी वेलचीचे पाव केले नाहीत. स्टूरेला सांगितलं वेलची संपली.

सहामधली तिसरी तुझी. नट घट्ट आवळलेले होते, म्हणून मी डिसेंबरभर मनाला समजावलं की काही होणार नाही. ह्यालमारला मला खरं विचारायचं होतं ते हेच, की पिन नसलेला नट किती टिकतो. त्याचं उत्तर तुला आधीच कळवलं आहे.

बाकीच्या पाचांचं मी असं ठरवलं की तुझ्याइतकं कुणी फिरत नाही, त्यांना वेळ आहे. आधी तुझं. हे वाक्य लिहिताना कसंसंच होतं आहे, पण ठरवलं होतं हे खरं.

हे पाकीट तरी फोड रे. नंतर जन्मभर तोंड बघू नकोस.

गुनवर


उघडं कार्ड. ओस्टाफोर्स, सोमवार ७ फेब्रुवारी

एवर्ट, तुझ्या गाडीत स्टिअरिंगच्या दोन्ही नटांना पिना नाहीत. अठरा नोव्हेंबरला कॉफीनंतरच्या सहा गाड्या तशाच गेल्या. मला त्याच संध्याकाळी कळलं आणि मी गप्प बसले. त्या गाडीत पुन्हा बसू नकोस. माझं २७ जानेवारीचं पत्र अजून परत आलेलं नाही. हे कार्ड परत पाठवायचं असलं तर पाठव, पण पाठव.

गुनवर, तपासनीस, होल्मा


यॉर्न, गुरुवार १० फेब्रुवारी

गुनवर,

तू उघड्यावर लिहिलंस म्हणून मीही उघड्यावर लिहितो, बारीक अक्षरात. कार्ड काल सकाळी टपाल लावताना हातात आलं. कार्ड न वाचता ठेवता येत नाही. तुझं २७चं पाकीटही इथेच आहे. वादळात टपालगाडी अडकली होती, टपाल आठवडाभर पडून होतं. ते मी फोडलेलं नाही.

गाडी सहा डिसेंबरला आली. त्याच दुपारी खाली शिरलो. खाली शिरून पाहिल्याशिवाय मी कुठलीच गाडी चालवत नाही, तुम्ही हसा. पिना नव्हत्या. घरात होत्या त्या घातल्या. पाच मिनिटांचं काम. दाराच्या कडेला तुझा शिक्का होता. मला वाटलं लाइनवाल्यांनी माझी गंमत केली, एवर्ट बघतो का बघू. आणि तू त्यात शिक्का मारून सामील. म्हणून पत्रं परत केली.

सहा आहेत हे मला माहीत असतं तर मी त्याच संध्याकाळी फोन लावला असता. तुला नोव्हेंबरपासून माहीत आहे.

बाकीच्या पाच कुठे आहेत?

एवर्ट


ओस्टाफोर्स, रविवार १३ फेब्रुवारी

एवर्ट,

कार्ड काल सकाळी आलं. तू जिवंत आहेस हे वाचून मी स्वयंपाकघरात खाली जमिनीवरच बसले. मग शेवटची ओळ वाचली, आणि पुन्हा वाचली.

माझं कार्ड मी आल्फहिल्डबाईंच्या हातात दिलं होतं. पोस्टाच्या खिडकीत अजून त्याच आहेत, पाठीत जरा वाकल्या आहेत. चष्मा वर करून त्यांनी सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "मी टपालाची शपथ घेतलेली आहे, मी काही वाचलेलं नाही. पण गुनवर, याला जलद टपालाचं तिकीट लाव." त्यांनी ती शपथ पाळली. चार दिवस गावात कुणी काही बोललं नाही. आणि त्या चार दिवसांत, एवर्ट, मी काय केलं? तुझ्या उत्तराची वाट बघितली. गाड्या तपासल्या, शिक्के मारले, शुक्रवारी हेरिंग मासे तळले. पाच गाड्या रस्त्यावर होत्या आणि मी एकाच गाडीसाठी मरत होते.

तुझं कार्ड आधी स्टूरेच्या हाती लागलं. वाचून तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "सोमवारी सांगू ब्रूमानला. आज शनिवार आहे, ऑफिस बंद."

मी म्हणाले, "गाड्या शनिवारी बंद असतात का?"

त्याने माझा कोट आणून दिला. तोही बरोबर आला. जमेल तेवढं जमतं त्याला.

ब्रूमान त्यांच्या घरच्या अंगणात बर्फ काढत होते. मी वेलचीचा डबा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, वेइकोने विचारलं होतं तेही, आधी तेच. नाहीतर त्या गरिबावर ढकलायला कितीसा वेळ लागला असता. त्रेसष्टला त्यांना जे खोटं सांगितलं होतं तेही सांगितलं. ते फावड्याला टेकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "शिक्का." तो माझ्या किल्ल्यांबरोबर असतो. तिथेच काढून दिला. उद्यापासून मी कुठे, शिलाई खात्यात की घरी, ते ठरायचं आहे. युनियन भांडेल असं स्टूरे म्हणतो. भांडू नका म्हणाले मी.

ऑफिस उघडून गाड्या धाडल्याची वही काढली. दोन गाड्या अजून विक्रेत्याच्या दुकानात काचेमागे उभ्या आहेत, विकल्याच गेल्या नाहीत. त्या दुकानदाराला जेवणावरून उठवलं. तिसरी काल्मारच्या एका पाद्र्याची. तो फक्त रविवारी चर्चपर्यंत काढतो, आठशे किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

चौथी वेक्शोच्या एका शाळामास्तरांची. ब्रूमाननी फोनवर सांगितलं, कंदील घेऊन चाकाच्या मागे बघा. मास्तर म्हणाले थांबा, बघून येतो. आम्ही दहा मिनिटं थांबलो. परत आले, धापा टाकत. "नट बोटांनी फिरतोय. फिरायला हवा का तो?" ब्रूमानांचा चेहरा चुन्यासारखा झाला. माझा कसा झाला असेल कोण जाणे. हे मास्तर रोज दोन मुलींना घेऊन शाळेत जातात.

राहिली पाचवी. मोरा गावाच्या पलीकडे एक गुरांचा डॉक्टर आहे, त्याची. गोठ्यागोठ्यांतून हिंडणारा माणूस. तुझ्याइतकं कुणी फिरत नाही असं मी ठरवलं होतं ना, तर हा तुझ्यापेक्षा जास्त फिरतो. साडेबाराला फोन लावला, कुणी घेतला नाही. एकला नाही. दीडला नाही. ब्रूमान मोरा गावच्या पोलिसांचा नंबर शोधायला बाहेरच्या खोलीत गेले. स्टूरे खिडकीशी उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. मी फोन फिरवत राहिले. इतकी भीती मला आई गेली तेव्हाही वाटली नव्हती. तुझ्यासाठी घाबरत होते तेव्हाही कुठेतरी आशा होती, की तू तू आहेस, तू बघशील. या माणसाला मी ओळखतही नव्हते आणि त्याने का म्हणून बघावं? त्याने शिक्का बघून गाडी घेतली होती.

पावणेतीनला एका बाईंनी फोन उचलला. घाईत होत्या.

"डॉक्टर आहेत का?"

"आहे, पण निघाला. सकाळपासून तीन ठिकाणी जाऊन आला, आता कुणाची गाय अडली आहे. बाहेर गाडी तापवतोय. काय निरोप देऊ?"

"त्यांना गाडी बंद करायला सांगा. आत्ता. मग सांगते कशासाठी."

"तुम्ही कोण बोलताय?"

"होल्मामधून. ती गाडी मी तपासली होती," मी म्हणाले. मग म्हणाले, "नाही. मी ती गाडी तपासली नव्हती. धावा."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. पावलं ऐकू आली, मग दार. दार उघडंच राहिलं असावं, कारण इंजिन ऐकू यायला लागलं. ते इंजिन मी झोपेतही ओळखेन. मी श्वास रोखून ऐकत होते, आवाज लांब जातो आहे का, एवढंच. कुणीतरी काहीतरी ओरडलं. इंजिन तसंच चालू होतं. पुन्हा कुणीतरी ओरडलं.

मग ते बंद झालं.

गुनवर